अंतिम परिणामाची नोंद : रुग्णालयीन वैद्यांच्या कार्यमापनाचा एक अध्याय

रुग्णालयात काम करणाऱ्या वैद्याचे कर्तृत्व कशावरून ठरवावे, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. रोगी बरा झाला तर वैद्य चांगला, दगावला तर वाईट, हा लौकिक न्याय सर्वत्र आढळतो. परंतु हा न्याय एका रोग्याच्या बाबतीत जितका भ्रामक, तितकाच तो शेकडो रोग्यांच्या सरासरीच्या बाबतीतही भ्रामक ठरू शकतो. असाध्यप्राय रोगी स्वीकारणारा निष्णात शल्यवैद्य आणि सोपे रोगी निवडून घेणारा सामान्य शल्यवैद्य यांच्या मृत्युसंख्या शेजारी शेजारी मांडल्या, तर पहिला दोषी व दुसरा निर्दोष दिसेल. उलटपक्षी, हीच अडचण पुढे करून कोणतीही मोजणी होऊ दिली नाही, तर अकुशल हाताखाली जाणारे जीव कोणाच्याही ध्यानात न येता जात राहतील. वैद्यांच्या कार्यमापनाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन धोक्यांमधून वाट काढण्याचा इतिहास होय.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील बोस्टन येथील शल्यवैद्य अर्नेस्ट अमोरी कॉडमन (१८६९–१९४०) यांची ‘अंतिम परिणाम पद्धती’ केंद्रस्थानी ठेवून या इतिहासाचा आढावा घेतला आहे. कॉडमन यांच्या पद्धतीची दोन अंगे होती : परिणामांची मोजणी आणि अपयशाच्या कारणाची नोंद. पुढील काळाने पहिले अंग हळूहळू स्वीकारले व दुसरे बव्हंशी सोडून दिले. कार्यमापनाविषयी पुढे जे वाद माजले, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या विभागणीत सापडते, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. संख्येचा वैद्यकात प्रवेश

वैद्यकीय अनुभवाला संख्येची कसोटी लावण्याचे श्रेय सामान्यतः पॅरिस येथील पिअर-शार्ल-अलेक्झांद्र लुई (१७८७–१८७२) यांना दिले जाते. फुप्फुसदाहाने आजारी असलेल्या ७७ रोग्यांच्या नोंदी तपासून, रक्तमोक्षणाचा जो गुणकारी प्रभाव सर्वमान्य समजला जात होता, तो वस्तुतः फारच मर्यादित आहे, असे त्यांनी १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. तथापि लुई यांनी मापला तो उपचार. उपचार करणारा वैद्य त्यांच्या कसोटीखाली आला नव्हता.

वैद्य स्वतः कसोटीखाली आला तो व्हिएन्ना येथे. तेथील सार्वजनिक रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात दोन विभाग होते. पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी शिकत. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूतींमध्ये ४५९ माता दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४, दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमध्ये १०५, म्हणजे शेकडा २.८. स्त्रिया कोणत्या विभागात दाखल व्हावयाच्या, हे दिवसांच्या आळीपाळीने ठरत असे. त्यामुळे एका विभागाकडे अवघड रोगी अधिक जात असल्याची सबब येथे चालण्यासारखी नव्हती. तेथील साहाय्यक वैद्य इग्नाझ सेमेलवाइस यांचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळी सुरीची जखम होऊन मार्च १८४७ मध्ये मरण पावला. त्याची लक्षणे सूतिकाज्वराच्या लक्षणांशी जुळणारी होती. त्यावरून, शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणाऱ्या वैद्यांच्या हातांवाटेच हा रोग पसरतो, असा निष्कर्ष सेमेलवाइस यांनी काढला व मे १८४७ पासून क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्युप्रमाण शेकडा १.२७ वर आले. दुसऱ्या विभागात ते १.३३ होते.

या प्रकरणातून कार्यमापनाच्या इतिहासाला उपयोगी असा एक मुद्दा निघतो. दोन विभागांतील तफावतीचे आकडे रुग्णालयातील सर्वांना पूर्वीपासून ठाऊक होते, आणि त्यांविषयी कोणाचा वाद नव्हता. वाद झाला तो कारणाविषयी, कारण ते वैद्याच्या स्वतःच्या हातांकडे बोट दाखवीत होते. १८४९ साली सेमेलवाइस यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. आपल्या मताचे सविस्तर प्रतिपादन करणारा त्यांचा ग्रंथ १८६१ साली निघाला आणि १८६५ साली एका वेड्यांच्या इस्पितळात त्यांचा अंत झाला.

इंग्लंडमध्ये याच सुमारास अडचण निराळ्या बाजूने पुढे आली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र परिषदेपुढे रुग्णालयांच्या नोंदींसाठी एकाच नमुन्याची पत्रके सुचविली. त्यानंतर १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयविषयक ग्रंथाच्या आवृत्तीत त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या आधारे इंग्लंडमधील १०६ प्रमुख रुग्णालयांचे कोष्टक दिले. त्यात लंडनमधील २४ रुग्णालयांचे मृत्युप्रमाण शेकडा ९०.८४ असे दाखविले होते. ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी रुग्णालयांत असलेल्या ४,२१४ रोग्यांच्या संख्येने त्या संपूर्ण वर्षातील ३,८२८ मृत्यूंना भागून हा आकडा काढलेला होता. वर्षभरात दाखल झालेल्या एकूण रोग्यांशी तुलना केली असती, तर तो याच्या लहानशा अंशाइतकाच भरला असता. साहजिकच लंडनच्या वैद्यांनी या कोष्टकावर कठोर टीका केली. रोग्यांची अवस्था व त्यांचा रुग्णालयातील मुक्काम लक्षात न घेता केलेली तुलना अन्यायकारक असते, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. पण रास्त आक्षेपाचा उपयोग मोजणी सुधारण्यासाठी करता येतो, तसाच ती टाळण्यासाठीही करता येतो. पुढील काळात दोन्ही प्रकार घडले.

२. कॉडमन यांची पद्धती

कॉडमन यांचा जन्म बोस्टनमधील एका प्रतिष्ठित घराण्यात झाला. हार्व्हर्डच्या वैद्यक विद्यालयातून १८९५ साली ते पदवीधर झाले. विद्यार्थी असतानाच, ईथरची भूल दिलेल्या रोग्याची नाडी व श्वसन यांची शस्त्रक्रिया चालू असताना नोंद ठेवण्याची तक्ते त्यांनी व त्यांचे सहाध्यायी हार्वी कुशिंग यांनी तयार केली. कोणाच्या भुलेखाली रोगी अधिक सुखरूप राहतो, याविषयी त्या दोघांत पैज लागली होती, असे सांगतात. पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यवैद्य म्हणून काम करताना या नोंदीच्या सवयीतूनच ‘अंतिम परिणाम’ ही कल्पना साकार झाली.

कल्पना अगदी साधी होती. प्रत्येक रुग्णालयाने आपल्या प्रत्येक रोग्याचा, उपचार सफल झाला की नाही हे कळण्याइतक्या काळापर्यंत, मागोवा घ्यावा. आणि उपचार सफल झाला नसेल तर तो का झाला नाही याचा शोध घ्यावा, म्हणजे तशाच अपयशाची पुनरावृत्ती टळेल. यासाठी प्रत्येक रोग्यामागे एक पत्रक ठेवावयाचे होते. त्यावर रोग्याची लक्षणे, प्रथम केलेले निदान, योजिलेला उपचार, रुग्णालयात उद्भवलेले उपद्रव, अखेरचे निदान आणि एक वर्षानंतरची स्थिती यांची नोंद व्हावयाची होती. त्या काळी रुग्णालयांच्या वार्षिक अहवालांत रोगी घरी जातेवेळी ‘बरा’ किंवा ‘सुधारलेला’ होता, एवढाच शेरा असे. घरी गेल्यावर तो जगला की नाही, कामावर गेला की अंथरुणाला खिळला, हे रुग्णालयाला ठाऊक नसे. कॉडमन यांनी मोजणीचे स्थळ रुग्णालयाच्या दारापलीकडे नेले, यातच त्यांचे वेगळेपण होते.

या पद्धतीचे दुसरे अंग अधिक महत्त्वाचे होते. परिणाम असमाधानकारक ठरल्यास त्याचे कारण ठरावीक वर्गांपैकी एकात घालावयाचे होते. ज्ञान अथवा कौशल्य यांचा अभाव, शल्यवैद्याच्या निर्णयातील चूक, काळजी अथवा साधनसामग्री यांतील उणीव, आणि निदानकौशल्याचा अभाव, हे चार वर्ग वैद्य व रुग्णालय यांच्याकडील चुकांचे होते. रोगाची दुर्दम्यता आणि रोग्याने उपचारास दिलेला नकार, हे वर्ग रोग्याकडील होते. शल्यकर्मातील ज्या आपत्ती ज्ञात उपायांनी टाळता येत नाहीत, त्यांच्यासाठी एक स्वतंत्र वर्ग होता. नाइटिंगेल यांच्या टीकाकारांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे मृत्यूला रोग कारण की वैद्य कारण, हा येथे सरासरीच्या गणिताने सोडवावयाचा नव्हता. एकेका रोग्याच्या बाबतीत, त्या रोग्याला ओळखणाऱ्या वैद्याने, लेखी उत्तर देऊन सोडवावयाचा होता. अवघड रोगी स्वीकारणाऱ्या शल्यवैद्याला या पद्धतीत भय नव्हते; रोग दुर्दम्य होता, हे त्याच्या पत्रकावरच लिहिलेले राहणार होते.

३. बोस्टनमधील संघर्ष

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये शल्यवैद्यांची बढती सेवाज्येष्ठतेने होत असे. अंतिम परिणामांची नोंद प्रामाणिकपणे झाली, तर बढतीही परिणामांवरूनच व्हावयास हवी, हे ओघानेच आले. कॉडमन यांनी तसा आग्रह धरला आणि ज्येष्ठतेच्या प्रथेचा निषेध म्हणून १९१४ साली राजीनामा दिला. त्यानंतर लगेच त्यांनी विश्वस्तांकडे प्रमुख शल्यवैद्याच्या पदासाठी अर्ज केला. मागील दहा वर्षांतील आपल्या रोग्यांचे परिणाम इतर शल्यवैद्यांच्या परिणामांपेक्षा सरस आहेत, हा त्यासाठी त्यांनी दिलेला आधार होता. हे विधान खोडून काढावयाचे, तर इतरांचे परिणाम मांडणे भाग होते, आणि ते मांडण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

६ जानेवारी १९१५ रोजी बोस्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयात, कॉडमन ज्या स्थानिक शल्यवैद्य सभेचे अध्यक्ष होते तिच्या विद्यमाने, रुग्णालयांच्या कार्यक्षमतेवर एक बैठक भरली. शहराचे महापौर तीत उपस्थित होते, आणि औद्योगिक कार्यक्षमतेचे अभ्यासक फ्रँक गिलब्रेथ यांचेही भाषण झाले. बैठकीच्या अखेरीस कॉडमन यांनी एक भव्य व्यंगचित्र उघडे केले. बॅक बे या धनिक वस्तीचे प्रतीक असलेला शहामृग वाळूत डोके खुपसून वैद्यांकडे सोन्याची अंडी लाथाडीत आहे. आणि वैद्यांनी रोग्यांना खरे सांगितले तर हा पक्षी अंडी देत राहील काय, या विवंचनेत रुग्णालयाचे विश्वस्त व हार्व्हर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष पडले आहेत, असे त्यात दाखविले होते. परिणाम तत्काळ झाला. कॉडमन यांना सभेचे अध्यक्षपद सोडावे लागले व हार्व्हर्डमधील अध्यापकाची जागाही गेली. सत्याच्या आग्रहाला उपहासाची जोड दिल्यामुळे त्यांनी अनेक संभाव्य मित्र गमावले, हे नाकारता येणार नाही. परंतु विरोध केवळ व्यंगचित्राला होता असे मानल्यास, राजीनाम्यापूर्वीच्या मौनाचा अर्थ लागत नाही.

दरम्यान १९११ पासून बोस्टनच्या पिंकनी स्ट्रीटवर त्यांनी स्वतःचे लहानसे रुग्णालय चालविले होते. त्याच्या पहिल्या पाच वर्षांचा वृत्तांत त्यांनी स्वखर्चाने छापून देशातील रुग्णालयांकडे पाठविला. १९११ ते १९१६ या काळात उपचार घेऊन गेलेल्या ३३७ रोग्यांचे परिणाम त्यात एकेक करून दिलेले होते, आणि त्यांत १२३ चुका नोंदविलेल्या होत्या. त्यांपैकी कितीतरी चुका कॉडमन यांच्या स्वतःच्या होत्या. शस्त्रक्रिया करताना आपल्या हातून ढोबळ चूक घडली आणि ती घडल्याचे त्या वेळी आपल्या लक्षातही आले नाही, अशी कबुली त्यात आढळते. हा वृत्तांत वाचून इतर रुग्णालयांनीही आपापले परिणाम जाहीर करावेत, ही त्यांची अपेक्षा फोल ठरली. रोग्यांचा ओघ आटला, कॉडमन कर्जबाजारी झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात हे रुग्णालय बंद पडले.

४. प्रमाणीकरणाचा मार्ग

तरीही कॉडमन यांची कल्पना सर्वस्वी निष्फळ ठरली नाही. १९१० साली लंडनमध्ये एका घोडागाडीतून जात असताना त्यांनी ती फिलाडेल्फियाचे शल्यवैद्य एडवर्ड मार्टिन यांना समजावून दिली होती. त्यातून सुरू झालेल्या चर्चेचा संबंध १९१३ साली स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेच्या जन्माशी पोहोचतो. रुग्णालयांच्या प्रमाणीकरणासाठी नेमलेल्या समितीचे कॉडमन हे अध्यक्ष होते. परंतु बोस्टनच्या प्रकरणानंतर सूत्रे इतरांकडे गेली, आणि संस्थेने १९१७ साली जे ‘किमान मानक’ तयार केले, त्याचे स्वरूप निराळे झाले. वैद्यवर्गाची व्यवस्थित संघटना, सभासदांची पात्रता व सचोटी, कामाचा आढावा घेणाऱ्या नियमित बैठका, रोग्यांच्या पूर्ण नोंदी, प्रयोगशाळा व क्ष-किरणांची सोय, एवढ्या गोष्टी त्यात मागितल्या होत्या. वर्षानंतर रोग्याचे काय झाले, हा प्रश्न त्यात नव्हता.

एवढी माफक मागणीही त्या काळाला जड गेली. शंभर व त्याहून अधिक खाटांच्या ६९२ रुग्णालयांची पाहणी करण्यात आली, तेव्हा अवघी ८९ या मानकाला उतरली. ही यादी १९१९ साली न्यूयॉर्क येथील अधिवेशनात मांडावयाची होती. अनुत्तीर्ण रुग्णालयांत देशातील कित्येक नामांकित संस्था होत्या. यादी वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून, जेथे अधिवेशन भरले होते त्याच हॉटेलच्या भट्टीत ती आदल्या रात्री जाळण्यात आली; अधिवेशनात केवळ संख्या जाहीर झाली.

१९५१ साली इतर वैद्यकीय संस्थांच्या सहकार्याने रुग्णालयांच्या मान्यतेसाठी संयुक्त आयोग स्थापन झाला व प्रमाणीकरणाचे हे काम त्याच्याकडे गेले. मिशिगन विद्यापीठातील अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली वैद्यकीय सेवेच्या गुणवत्तेची परीक्षा रचना, प्रक्रिया व परिणाम या तीन अंगांनी करता येते, असे प्रतिपादन करून या विषयाला त्याची परिभाषा दिली. या परिभाषेत सांगावयाचे, तर किमान मानकाने रचना व काही अंशी प्रक्रिया तपासली. कॉडमन यांचा भर ज्या परिणामावर होता, तो बाजूला राहिला.

५. परिणामांचे पुनरागमन

परिणामांची मोजणी परतली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि ती वैद्यांच्या पुढाकाराने नव्हे, तर खर्च करणाऱ्या शासनाच्या हातून. अमेरिकेच्या केंद्र शासनाने १९८६ साली वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या नोंदींवरून रुग्णालयांची मृत्युप्रमाणे प्रसिद्ध केली. त्यात अपेक्षेहून सर्वांत अधिक मृत्यू ज्या संस्थेत आढळले, ती मरणासन्न रोग्यांची अखेरची शुश्रूषा करणारी संस्था निघाली. १८६३ सालचा आक्षेप पुन्हा जसाच्या तसा उभा राहिला, आणि १९९३ साली हे प्रकाशन बंद करण्यात आले.

न्यूयॉर्क राज्याने या आक्षेपाला उत्तर देण्याचा गंभीर प्रयत्न केला. हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रियांसाठी १९८९ पासून प्रत्येक रोग्याचे वय, हृदयाची कार्यशक्ती, इतर व्याधी इत्यादींची नोंद घेण्यात येऊ लागली. त्यांवरून त्या शल्यवैद्याच्या रोग्यांत किती मृत्यू अपेक्षित होते हे काढावयाचे व प्रत्यक्ष मृत्यूंशी ताडून पाहावयाचे, अशी ही रीत होती. एका शल्यवैद्याच्या वर्षभरातील शस्त्रक्रिया थोड्या असल्याने एखाद-दुसऱ्या मृत्यूनेही प्रमाण बरेच बदलते. म्हणून शल्यवैद्यांचे आकडे तीन वर्षांचे एकत्र देण्यात येऊ लागले. शल्यवैद्यांची नावे गुप्त ठेवण्याचा राज्याचा विचार होता. परंतु एका वृत्तपत्राने न्यायालयात दाद मागितल्यामुळे १९९१ साली तीही प्रसिद्ध झाली. १९८९ ते १९९२ या काळात जोखमीचा हिशेब धरून काढलेले मृत्युप्रमाण शेकडा ४.१७ वरून २.४५ वर आले.

या यशाची दुसरी बाजूही लवकरच दिसली. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातही असे आकडे प्रसिद्ध होत असत. तेथे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शेकडा ६३ हृदयशल्यवैद्यांनी अत्यवस्थ रोग्यांवर शस्त्रक्रिया करण्याची आपली तयारी कमी झाल्याचे सांगितले, आणि शेकडा ५९ हृदयरोगतज्ज्ञांनी अशा रोग्यांसाठी शल्यवैद्य मिळणे कठीण झाल्याचे सांगितले. आकडा सुधारण्याचे दोन मार्ग असतात : काम सुधारणे आणि अवघड काम नाकारणे. केवळ आकडा पाहणाऱ्याला या दोहोंतील भेद दिसत नाही.

आकड्याने कारणाचा शोध घेण्यास भाग पाडले, तर काय घडते, याचे उदाहरणही न्यूयॉर्क राज्यातच मिळते. ऑल्बनी येथील सेंट पीटर्स रुग्णालयाचे मृत्युप्रमाण अधिक आढळले, तेव्हा तेथील शल्यवैद्यांनी प्रथम आकड्यांविषयीच शंका घेतली. मात्र एकेका रोग्याची कागदपत्रे तपासता असे दिसले की, दोष तातडीच्या शस्त्रक्रियांच्या बाबतीत होता. १९९२ साली अशा ४२ रोग्यांपैकी ११ दगावले होते. त्यांची प्रकृती स्थिर करण्यापूर्वीच त्यांना शस्त्रक्रियेसाठी नेले जात होते. ही रीत बदलल्यावर १९९३ साली अशा ५४ रोग्यांपैकी एकही दगावला नाही. येथे कोणाचे नाव काळ्या यादीत घालावे लागले नाही. कॉडमन यांच्या वर्गवारीत जिला निर्णयातील चूक म्हटले असते, ती शोधून दूर करण्यात आली.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील प्रकरण याच्या उलट टोकाचे आहे. तेथे १९८४ ते १९९५ या काळात बालकांच्या हृदयशस्त्रक्रियांचे परिणाम असमाधानकारक होते. १९८८ साली तेथे रुजू झालेले भूलतज्ज्ञ स्टीफन बोल्सिन यांनी आकडे गोळा करून वरिष्ठांच्या निदर्शनास आणले. पण वर्षानुवर्षे काही घडले नाही. १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालील ३० ते ३५ बालके अपेक्षेपेक्षा अधिक मृत्यू पावली, असा निष्कर्ष जुलै २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात नमूद आहे. माहिती उपलब्ध होती. ती पाहून कृती करण्याची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची, हे कोणीच निश्चित केलेले नव्हते.

६. उपसंहार

वरील आढाव्यावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. आकड्यांच्या अभावामुळे वैद्यांचे कार्यमापन अडले, असे क्वचितच घडले आहे. व्हिएन्ना व ब्रिस्टल येथे आकडे समोर असूनही रोगी मरत राहिले, कारण आकड्यामागील कारण मान्य करणे कोणाला तरी जड जात होते किंवा ते शोधणे कोणाचेच कर्तव्य नव्हते. दुसरे असे की, जोखमीचा हिशेब कितीही सूक्ष्म केला तरी तो समुदायाविषयी बोलतो. एका विशिष्ट रोग्याच्या बाबतीत चूक कोठे झाली, हे तो सांगू शकत नाही. ते काम पत्रकावर कारण लिहिणाऱ्या वैद्याचेच आहे. आणि असे कारण प्रामाणिकपणे लिहिले जावयाचे, तर ते लिहिणाऱ्याला त्यासाठी शासन होणार नाही, परंतु न लिहिणाऱ्याला मात्र जाब द्यावा लागेल, अशी व्यवस्था संस्थेने करावयास हवी. कॉडमन यांच्या बोस्टनमध्ये नेमकी याच्या उलट व्यवस्था होती.

कॉडमन यांनी १९२० साली अस्थींच्या सार्कोमा या कर्करोगाची देशव्यापी नोंदवही सुरू केली आणि १९३४ साली खांद्याच्या विकारांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १९४० साली ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसविण्यात आला. त्यांच्या नावाने पुढे सन्मान दिले जाऊ लागले, आणि रोग्यांचा मागोवा घेणे ही अनेक शाखांत नित्याची बाब झाली. परंतु ३३७ रोग्यांमागे १२३ चुका आपल्या नावानिशी छापून त्या रुग्णालयारुग्णालयांत पाठविणारा दुसरा वृत्तांत या इतिहासात सहजासहजी सापडत नाही. कार्यमापनाच्या कोणत्याही नव्या पद्धतीची परीक्षा करताना, ती वैद्याला असा वृत्तांत लिहिण्याचे धैर्य देते की तो दडविण्याचे कारण पुरविते, हा प्रश्न प्रथम विचारणे इष्ट ठरेल.